समुद्र दोघांचा, दार कोणाचे? : मुंबईच्या उपनगरी किनाऱ्यावरील सहलीचा इतिहास (दीर्घ धागा)

6 ऑगस्ट 2015, गुरुवार. भर पावसाळ्याचे दिवस. मालाडच्या पश्चिमेस मढ बेट आणि अक्सा किनारा या पट्ट्यातील हॉटेले व लॉज यांवर मालवणी पोलिसांची पथके पोहोचली. खोल्यांची दारे ठोठावण्यात आली आणि सुमारे चाळीस जोडप्यांना पोलीस ठाण्यात नेण्यात आले. बहुतेक जण सज्ञान होते, ओळखपत्र दाखवून आणि भाडे भरून आत आले होते. काहींचे लग्न ठरलेले होते. काहींच्या आईवडिलांना फोन गेले. कलम लावले गेले ते 'सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन' हे, आणि दंड झाला प्रत्येकी 1200 रुपये.

कडी लावलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी काय ठरते, हा प्रश्न दुसऱ्या दिवशीपासून वृत्तपत्रांत गाजू लागला. बातमी म्हणून तो चार दिवसांचा होता. मात्र मुंबईतील दोन माणसे एकमेकांच्या सहवासात एक दिवस निवांत घालवण्यासाठी उपनगरी किनाऱ्याकडे का जातात, तिथे त्यांना काय मिळते आणि काय मिळत नाही, याची गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे. तिचा आरंभ जुहूच्या वाळूत होतो.

आजचे जुहू पाहून विश्वास बसणार नाही, पण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जुहू हे साष्टीच्या पश्चिमेस समुद्रातून जेमतेम वर डोकावणारे वाळूचे एक अरुंद बेट होते. ओहोटीच्या वेळी खाडीतून चालत तिथे जावे लागे. वस्ती कोळ्यांची आणि भंडाऱ्यांची. उत्तरेला वेसावे, त्यापलीकडे मढ, मग मार्वे, मनोरी, गोराई. मढचा किल्ला पोर्तुगीज काळापासूनचा. 1737-39च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि 1774च्या अखेरीस इंग्रजांनी ती घेतली. एवढ्या राजवटी बदलल्या, तरी या किनाऱ्याकडे कोणी 'मौजेची जागा' म्हणून पाहिले नव्हते. समुद्र हा मासेमारीचा, व्यापाराचा आणि शत्रू येण्याचा मार्ग होता. त्याच्या काठी नुसते बसून राहावे, ही कल्पनाच नवी.

ती कल्पना मुंबईच्या उपनगरांत मोठ्या प्रमाणावर आखणाऱ्या पहिल्या माणसांत जमशेटजी टाटा येतात. 1890च्या दशकात त्यांनी जुहूला जमीन घेतली, बंगला बांधला आणि एक योजना तयार केली : जुहू तारा भागातील 1200 एकर जमीन विकसित करायची, तिच्यात एकेक एकराचे 500 भूखंड पाडायचे आणि समुद्रकाठी विश्रांतीचे एक स्थळ उभारायचे. माणसे तिथे पोहोचावीत म्हणून माहीमचा कॉजवे सांताक्रूझपर्यंत वाढवण्याचाही विचार होता. याच वर्षांत त्यांचे दुसरे स्वप्न अपोलो बंदरावर आकार घेत होते. ताजमहाल हॉटेल 16 डिसेंबर 1903 रोजी सुरू झाले. 1904मध्ये जमशेटजी वारले आणि जुहूची योजना मागे पडली. ती पार पडली असती तर जुहू हे इंग्लंडमधील ब्रायटनसारखे आखीव सागरी नगर झाले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण एक एकराचा भूखंड कोणाला परवडला असता, हेही त्याच दमात विचारायला हवे. उपनगरी समुद्रकाठचा एकांत आरंभापासूनच मालकीचा होता. ज्याचा बंगला, त्याचा एकांत.

ज्यांचा बंगला नव्हता त्यांच्यासाठी आधी दोन गोष्टी घडाव्या लागल्या : सुट्टी मिळणे आणि गाडी मिळणे.

सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. 1884मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. मुंबईकरांच्या प्रेमकथांच्या इतिहासात लोखंड्यांचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हरकत नाही. रविवारच नसता तर 'रविवारी भेटू' हे वाक्यही नसते.

गाडीची गोष्ट अधिक ठाऊक आहे. बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने 1867मध्ये विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू केली. 5 जानेवारी 1928पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि अंधेरी, मालाड, बोरिवली ही गावे शहराच्या हाताशी आली. यात एक गंमत आहे. स्त्रियांसाठी वेगळा डबा ही मुंबईच्या रेल्वेची जुनी प्रथा. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या असे घडत आले की दोघे एकाच गाडीने निघतात, वेगवेगळ्या डब्यांतून प्रवास करतात आणि मालाडच्या पुलाखाली अनोळखी माणसांसारखी एकमेकांची वाट पाहतात. कोणी ओळखीचे दिसले तर ही सोय फार उपयोगी पडते.

आता घराकडे वळू. 1921च्या जनगणनेनुसार मुंबई शहरातील दहापैकी सुमारे सात बिऱ्हाडे एकखोलीची होती. त्या एका खोलीत सासू, सासरे, दीर, नणंद, गावाकडून नोकरीसाठी आलेला भाचा आणि नवविवाहित जोडपे. रात्री पुरुष गॅलरीत, जोडपे मोरीलगतच्या पडद्याआड. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर राजा ठाकूर दिग्दर्शित 'मुंबईचा जावई' (1970) पाहावा. चाळीत लग्न करून आलेल्या मुलीला नवऱ्याशी चार शब्द बोलायलाही जागा मिळत नाही, हाच त्या चित्रपटाचा विषय. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' (1972) केला. पुढे 'घरौंदा' (1977)मध्ये एकाच कचेरीत काम करणारे दोघे लग्नासाठी घर शोधत फिरतात आणि पैसे भरूनही फसवले जातात. प्रेम आहे, पगार आहे, छप्पर मात्र नाही. हे दुखणे खास मुंबईचे होते. आणि लक्षात घ्यावे की यांतील दोन चित्रपटांतली जोडपी विवाहित आहेत. एकांताची टंचाई ही केवळ अविवाहितांची तक्रार कधीच नव्हती.

1947च्या भाडेनियंत्रण कायद्याचे पूर्ण नाव फार थोड्यांना आठवते : मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण कायदा. घर आणि लॉज यांचा विचार सरकारने एकाच कायद्यात केला होता, कारण त्या मुंबईत घर न मिळालेली कितीतरी माणसे लॉजमध्येच संसार करत होती.

दरम्यान जुहूचे रूप बदलत होते. जानेवारी 1924मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींवर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली आणि हवापालटासाठी त्यांना जुहूला आणण्यात आले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास यांच्याशी कायदेमंडळ प्रवेशावरून झालेली त्यांची प्रसिद्ध चर्चा याच समुद्रकाठची. जवाहरलाल नेहरूंनी आत्मचरित्रात या मुक्कामाची आठवण नोंदवली आहे : नेहरू कुटुंबाने समुद्राजवळ लहानसे घर घेतले होते आणि राजकीय बोलणी चालू असताना जवाहरलालांना पोहण्याची, धावण्याची, वाळूवर घोडेस्वारीची चैन करता आली. तुरुंग आणि चळवळ यांच्या मधल्या फटीत सापडलेली ती एक खरीखुरी सुट्टी. डिसेंबर 1937मध्ये गांधीजी पुन्हा जुहूला होते. काठीचे टोक धरून पुढे धावणारा लहान नातू आणि मागे हसत चालणारे आजोबा, हे गाजलेले छायाचित्र तेव्हाचे. 1944मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावरही ते विश्रांतीसाठी इथेच आले.

'हवापालट' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. त्या पिढीला मौजेसाठी बाहेरगावी जाणे थोडे लाजिरवाणे वाटे, प्रकृतीसाठी जाणे मात्र प्रतिष्ठेचे. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गातील नवी जोडपी माथेरानला किंवा महाबळेश्वरला जात तीही बरेचदा 'हवा मानवते का पाहू' या सबबीवर. 'मधुचंद्र' हा इंग्रजीचा शब्दशः उतारा मराठीत रुळला तेव्हा ती सबब हळूहळू गळून पडली. लग्नाचे जोडपे उजळ माथ्याने हॉटेलात जाऊ लागले. नोंदवहीत 'श्री. व सौ.' लिहिता आले की पुढचे सारे सोपे होते.

1960च्या दशकाच्या आरंभी जुहूच्या वाळूला लागून 'सन-एन-सँड' हे हॉटेल उभे राहिले आणि समुद्राकडे तोंड करून राहण्याची टाटांची कल्पना साठ वर्षांनी, निराळ्या माणसांच्या हातून, प्रत्यक्षात आली. तरणतलाव, गच्चीवरची संध्याकाळ, चित्रपटातील मंडळी. जुहूची ही चमकदार प्रतिमा देशभर पोहोचली. पण ज्यांच्या खिशात केवळ लोकलचा पास होता, ती जोडपी हॉटेलच्या कुंपणाबाहेर भेळ खात बसत. समुद्र एकच होता, मधोमध भिंत होती.

गर्दी वाढली तसे जुहू नकोसे झाले आणि जोडपी उत्तरेकडे सरकली. 1957मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. मढ, मार्वे, मनोरी, गोराई कागदोपत्री महानगरात आली, पण वागण्याबोलण्यात ती गावेच राहिली. कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरे, गावठाणातील क्रूस, ताडामाडांची बने. मनोरी आणि गोराईत काही घरांनी सुट्टीच्या दिवशी खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. मढच्या बंगल्यांत चित्रीकरण होऊ लागले. अक्साला लॉज निघाले.

त्या काळातील एका निवांत दिवसाची आखणी कशी होत असे, हे थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिच्यात या शहराचा सारा भूगोल येतो. बोरिवलीकरांना गोराई जवळ. स्थानकावरून बस किंवा रिक्षा, मग खाडीचा धक्का, मग होडी, पलीकडे टांगा. मालाडहून बेस्टची बस मार्व्याला. तिथून मनोरीची होडी. अंधेरीकरांना वेसावे सर्वांत सोयीचे, आणि वेसाव्याहून खाडी ओलांडली की मढ. रस्त्याने मालाडमार्गे तासभर लागेल ते अंतर होडीने काही मिनिटांत कापता येते. घाटकोपर आणि मुलुंडच्या मुलामुलींचे हाल अधिक. मध्य रेल्वेवरून दादरला उतरायचे, पूल चढायचा, पश्चिम रेल्वे पकडायची, पुन्हा बस. परतीला तेवढाच वेळ. संध्याकाळी सातच्या आत घरात पोहोचायचे असेल तर समुद्रासमोर बसायला मिळत दोन तास. म्हणून ती मंडळी जवळचेच गाठत : पवईचा तलाव, किंवा 1949मध्ये सुरू झालेल्या आरे दूध वसाहतीतील 'छोटा काश्मीर'ची बाग, जिथे बोटीत बसून काश्मीरला गेल्याचा आव आणता येई. कान्हेरीच्या डोंगराखालचे राष्ट्रीय उद्यानही होतेच. जून 2014मध्ये वेसावे-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हा वृत्तपत्रांनी कार्यालयीन प्रवासाचे हिशेब मांडले. पण त्या दिवशी घाटकोपरपासून समुद्र वीस-बावीस मिनिटांवर आला, हा हिशेब काही कमी मोलाचा नव्हता.

आखणीत आणखी एक गोष्ट सर्वांना पाठ असे : शेवटची होडी किती वाजता. आणि जाणत्यांना दुसरीही : अक्साच्या पाण्यात उतरायचे नाही. तिथला वाळूचा उतार फसवा आहे, आतला प्रवाह पायाखालची वाळू ओढून नेतो आणि दर पावसाळ्यात तिथे माणसे बुडतात.

लॉजच्या नोंदवहीत मात्र अडचण होती. लग्नाचा दाखला कोणी खिशात घेऊन हिंडत नाही, म्हणून मालक नजरेने ठरवत. गळ्यात मंगळसूत्र आहे का, नाव लिहिताना हात थबकतो का. पर्समध्ये काळ्या मण्यांची स्वस्त पोत ठेवणे हा उपाय कित्येकींना ठाऊक होता. जो दागिना विवाहाची खूण, तोच अविवाहितेचा परवाना.

असे का करावे लागे? कायद्यात तसे लिहिले होते का? नव्हते. दोन सज्ञान व्यक्तींनी, विवाहित असोत वा नसोत, हॉटेलात खोली घेऊ नये असे सांगणारा कायदा भारतात नाही. जे होते ते दुसरेच. 1949मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, 1951मध्ये मुंबई पोलीस कायदा. नव्या राज्याने नागरिकाच्या चारित्र्याचीही काळजी वाहावी, असा तो काळ. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पोलीस कायद्याचे कलम 110 रस्त्यावर किंवा 'लोकांच्या वावराच्या ठिकाणी' असभ्य वा दांडगाईचे वर्तन करण्यास मनाई करते. 1956मध्ये अनैतिक व्यापाराविरुद्धचा केंद्रीय कायदा आला आणि वेश्याव्यवसायाच्या संशयावरून लॉजची झडती घेण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याआधीपासून 1860च्या दंडसंहितेचे कलम 294 होतेच : सार्वजनिक ठिकाणी, इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य. या सर्व कलमांत अट एकच आहे, ती म्हणजे जागा सार्वजनिक असली पाहिजे किंवा व्यवहार देहविक्रीचा असला पाहिजे. मढच्या खोलीत बसलेली जोडपी सरसकट या दोहोंत बसत नव्हती. पण 1200 रुपयांचा दंड भरून, घरी कळू नये म्हणून मान खाली घालून निघून जाणारा माणूस कलमाचा अर्थ विचारायला न्यायालयात जात नाही. कलम टिकले ते त्याच्या शब्दांमुळे नव्हे, लाजेमुळे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. गावांतील रहिवाशांची कुरकुर सर्वस्वी खोटी नव्हती. सुट्टीच्या दिवशी दारू पिऊन येणारी टोळकी, फुटलेल्या बाटल्या, रात्रीचा गोंगाट, बुडणाऱ्यांना बाहेर काढण्यासाठी धावणारे स्थानिक तरुण. स्थानिकांच्या तक्रारी आल्या होत्या, असे 2015च्या कारवाईनंतर पोलिसांनी सांगितले. मात्र गोंगाट करणारी टोळकी वाळूवर होती आणि दारे ठोठावली गेली ती शांतपणे आत बसलेल्यांची. तक्रार एकाची, शिक्षा दुसऱ्याला.

टीका इतकी झाली की तत्कालीन पोलीस आयुक्त राकेश मारिया यांना चौकशीचा आदेश द्यावा लागला. त्याच वर्षी दिल्लीत 'स्टेअंकल' नावाची, जोडप्यांना निःसंकोच खोली मिळवून देणारी सेवा सुरू झाली. पुढच्या वर्षी ओयोने आपल्या यादीत जोडप्यांना प्रवेश देणारी हॉटेले वेगळी दाखवायला सुरुवात केली. पूर्वी मालकाच्या नजरेवर अवलंबून असलेली गोष्ट मोबाइलच्या पडद्यावर एका खुणेत आली. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिसेंबर 2019मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइमतूरच्या एका निवासाचे सील काढताना स्पष्ट सांगितले की अविवाहित जोडप्याने खोलीत राहणे हा गुन्हा नाही. जे पहिल्यापासून कायदेशीर होते ते कायदेशीर आहे, असे न्यायालयाला सांगावे लागले.

2021मध्ये, टाळेबंदीच्या त्या लांबलेल्या काळात, बोरिवली पश्चिमेच्या चिकूवाडीतील एका सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर रहिवाशांनी रंगाने लिहिले : 'नो किसिंग झोन'. बागा बंद, किनारे बंद, हॉटेले बंद, म्हणून संध्याकाळी जोडपी मोटारसायकली लावून तिथे थांबत. त्याचे छायाचित्र देशभर फिरले आणि लोक खूप हसले. 1 जुलै 2024पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. जुने 294 आता 296 झाले आहे. 'सार्वजनिक ठिकाण' हे शब्द तसेच आहेत.

आज मढ-मार्व्याच्या लॉजमध्ये दोघांचीही ओळखपत्रे मागितली जातात, त्यांच्या प्रती काढून ठेवल्या जातात. काही ठिकाणी पत्ता मुंबईचाच दिसला की 'लोकल आयडी चालत नाही' असे उत्तर मिळते. तेही कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही. मग बोरिवलीची मुलगी आणि मुलुंडचा मुलगा पुन्हा वाळूवर येतात, छत्री वाऱ्याकडे आडवी धरून तिच्यामागे बसतात, आणि मधूनमधून धक्क्याकडे पाहतात, होडी लागली का म्हणून.